घाटाचं काम नेमकं किती दिवस लांबलं? दोन वेळापत्रकं शेजारी ठेवून असा काढा हिशेब

पंचवटी : सिंहस्थाच्या तारखा कुणाला पुढे ढकलता येत नाहीत. ३१ ऑक्टोबर २०२६ ला रामकुंडावर ध्वजारोहण, २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान, ३१ ऑगस्टला दुसरं, ११ सप्टेंबरला नाशिकचं तिसरं आणि १२ सप्टेंबरला त्र्यंबकेश्वरचं. मंत्री बदलो, ठेकेदार बदलो, गुरू सिंह राशीत यायचा तेव्हाच येणार. त्यामुळे रामकुंड, गोदाघाट, तपोवन या भागातल्या प्रत्येक कामाबद्दल लोक एकच विचारतात, काम वेळेत होणार का?

उत्तर ठरलेलं असतं. "थोडं मागे आहे, पण कव्हर करू." आता हे 'थोडं' म्हणजे किती? मोठ्या कामाचं वेळापत्रक हल्ली कागदावर नाही, कॉम्प्युटरवर बनतं. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट किंवा प्रायमाव्हेरा नावाचं सॉफ्टवेअर असतं, छोट्या कामाला साधं एक्सेल. काम सुरू होताना एक वेळापत्रक बनतं, काम रखडलं की दुसरं, 'सुधारित'. या दोघांतला फरक काढता आला की 'थोडं' हा शब्द दिवसांत मोजता येतो. आणि हे गणित इंजिनिअरच करू शकतो असं काही नाही. द्राक्षबागेच्या फवारणीचा हिशेब ठेवणाऱ्याला तर हे सहज जमेल. घाटाला जे लागू तेच तुमच्या गावच्या रस्त्याला, पाण्याच्या टाकीला, शाळेच्या खोल्यांनाही लागू.

दोन वेगळ्या गोष्टी, लोक एकच समजतात

सगळा घोळ इथे होतो, म्हणून जरा सावकाश घेऊ.

एखादं काम 'सरकलं' आणि एखादं काम 'लांबलं', या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. द्राक्षाची गोडी छाटणी तुम्ही १० दिवस उशिरा केली, तर माल साधारण तितकेच दिवस पुढे जाईल. पण छाटणीपासून काढणीपर्यंत लागणारे दिवस जवळपास तेवढेच राहतात. हे सरकणं. उलट छाटणी वेळेवर झाली, पण मजूर मिळाले नाहीत आणि चार दिवसांची काढणी दहा दिवस चालली, तर ते लांबणं.

कामाला लागणाऱ्या दिवसांना सॉफ्टवेअरमध्ये 'ड्युरेशन' म्हणतात. आपण 'कालावधी' म्हणू. सुधारित कालावधीतून मूळ कालावधी वजा केला की लांबण्याचा आकडा मिळतो. सुधारित सुरुवातीच्या तारखेतून मूळ सुरुवातीची तारीख वजा केली की सरकण्याचा. दोन्ही आकडे हवेत. एकाच आकड्यावर बोलणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, कुठल्याही प्रत्यक्ष घाटाचे नाहीत. समजा नदीकाठच्या पायऱ्यांचं काम सोमवार, २ फेब्रुवारी २०२६ ला सुरू करायचं ठरलं. आठवड्यात सहा दिवस काम, रविवारी सुट्टी. सणवार सध्या बाजूला ठेवू.

मूळ वेळापत्रक असं :
खोदाई : २ ते २१ फेब्रुवारी, १८ कामाचे दिवस
पायाचं काँक्रीट : २३ फेब्रुवारी ते १४ मार्च, १८ दिवस
काँक्रीटला पाणी मारणं (क्युरिंग) : १५ ते २८ मार्च, सलग १४ दिवस
दगडी पायऱ्या : ३० मार्च ते २ मे, ३० दिवस
रेलिंग आणि दिवे : ४ ते १६ मे, १२ दिवस

दोन महिन्यांनी सुधारित वेळापत्रक आलं :
खोदाई : २ ते २८ फेब्रुवारी, २४ दिवस
पाया : २ ते २८ मार्च, २४ दिवस
क्युरिंग : २९ मार्च ते ११ एप्रिल, १४ दिवस
पायऱ्या : १३ एप्रिल ते २३ मे, ३६ दिवस
रेलिंग आणि दिवे : २५ मे ते ६ जून, १२ दिवस

आता वजाबाकी करा. खोदाई ६ दिवस लांबली, पाया ६, क्युरिंग शून्य, पायऱ्या ६, रेलिंग शून्य. एकूण १८ दिवस.

रेलिंगवाल्याकडे बघा. मूळ तारखेप्रमाणे त्याचं काम १६ मे ला संपायचं, आता ६ जूनला संपणार. गावात चर्चा काय होईल? रेलिंगवाल्याने तीन आठवडे खाल्ले. पण त्याचा कालावधी १२ चा १२ च आहे. तो सरकला, लांबला नाही. दोष असलाच तर तो आधीच्या तीन कामांत शोधावा लागेल, आणि तिथेही दोष ठेकेदाराचाच असेल असं नाही. खोदाईत जुनं बांधकाम लागलं असेल, नकाशा उशिरा मिळाला असेल, धरणातून नदीत पाणी सोडलं असेल. वजाबाकी फक्त सांगते की दिवस कुठे गेले. का गेले ते विचारावं लागतं. पण कुठे गेले हे कळलं तरच 'का' विचारायला माणूस सापडतो.

१८ की २१?

याच उदाहरणात आणखी एक गंमत आहे. कामाचे दिवस धरले तर उशीर १८ दिवसांचा. पण कॅलेंडरवर १६ मे पासून ६ जूनपर्यंत मोजा, २१ दिवस येतात. मधले तीन रविवार. ग्रामसभेत कुणी २१ म्हणतो, इंजिनिअर १८ म्हणतो, आणि दोघं एकमेकांना खोटं ठरवतात. दोघंही बरोबर असतात. भांडण्याआधी एवढंच विचारा, "साहेब, कामाचे दिवस सांगताय की कॅलेंडरचे?"

सॉफ्टवेअर आपल्या मनाने कामाचे दिवसच मोजतं. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये काही बदल केला नाही तर आठवडा सोमवार ते शुक्रवार, दिवस ८ तासांचा आणि महिना २० दिवसांचा धरलेला असतो. आपल्याकडे साइटवर शनिवारीही काम चालतं. म्हणजे १८ दिवसांचं काम सहा दिवसांच्या आठवड्यात तीन आठवड्यांत संपतं, पाच दिवसांच्या आठवड्यात त्याला तीन आठवडे आणि वर तीन दिवस लागतात. मूळ वेळापत्रक एका कॅलेंडरवर आणि सुधारित दुसऱ्यावर बनवलं असेल तर तारखा आपोआप पुढेमागे होतात, कालावधी मात्र १८ च दिसतो. आणखी एक. मूळ वेळापत्रकात कुणी कालावधी '१ महिना' लिहिला तर सॉफ्टवेअर त्याचे २० दिवस करतं. सुधारितात दुसऱ्या कुणी '३० दिवस' लिहिले, तर फरक दिसतो १० दिवसांचा. प्रत्यक्षात दोघांच्या मनात एकच महिना होता! म्हणून तुलना करण्याआधी दोन्ही वेळापत्रकांचं कॅलेंडर एकच आहे का, हे आधी बघायचं.

क्युरिंगचं वेगळं आहे. काँक्रीटला रविवार कळत नाही. पाणी रोज मारावं लागतं, सुट्टी असो नसो. म्हणून असं काम कॅलेंडरच्या सलग दिवसांत धरतात. वरच्या उदाहरणात ते १५ मार्चला, रविवारीच सुरू होतं ते त्यामुळे.

वजा आकडा दिसला की जास्त सावध व्हा

फरक अधिक आला की सगळे ओरडतात. वजा आला की खूश होतात. खरं तर उलटं व्हायला हवं.

समजा वरचंच सुधारित वेळापत्रक वरिष्ठांकडे गेलं आणि त्यांनी विचारलं, ६ जून कसं चालेल, पाऊस येतो. चार दिवसांत नवं वेळापत्रक हजर. शेवट ३० मे! खोदाई तीच २४ दिवस, पाया तोच, पायऱ्याही ३६ दिवसच. मग सात दिवस आले कुठून? ओळीओळीने वजाबाकी करा. क्युरिंग १४ वरून ७. २९ मार्च ते ४ एप्रिल, संपलं. पायऱ्या ६ एप्रिलला सुरू.

नुसती शेवटची तारीख बघणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही. त्याला वाटेल, काम सुधारलं. भारतीय मानक आयएस ४५६ नुसार साध्या पोर्टलँड सिमेंटला किमान ७ दिवस आणि मिश्र सिमेंटला किंवा कोरड्या उष्ण हवेत किमान १० दिवस ओलावा टिकवायचा असतो, आणि मिश्र सिमेंटसाठी १४ दिवसांची शिफारस आहे. बाजारात मिळणारं बरंचसं सिमेंट फ्लाय ॲशवालं, म्हणजे मिश्रच. एप्रिलचं नाशिकचं ऊन सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे कागदावर वाचवलेले सात दिवस पुढे पायाच्या ताकदीतून वजा होतात. घाटाच्या पायऱ्यांवर एकाच वेळी हजारो माणसं उभी राहतात, हे लक्षात घेऊन ती उणे सातची ओळ वाचा.

माणसं वाढवून, दोन पाळ्या लावून खोदाई किंवा फरशी लवकर उरकता येते. तिथे वजा आकडा ठीक आहे, फक्त वाढवलेली माणसं खरंच साइटवर दिसतात का ते बघायचं. पण ज्या कामाला निसर्गाने वेळ ठरवून दिली आहे, तिथला वजा आकडा कुणीतरी समजावून सांगितला पाहिजे.

पावसाळ्याची भिंत

नदीच्या कामात आणखी एक भानगड आहे जी सॉफ्टवेअरला सांगितल्याशिवाय कळत नाही. पाऊस सुरू झाला, गंगापूर धरण भरत आलं आणि विसर्ग वाढवला की गोदावरी चढते. पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं यावरून नाशिककर पूर मोजतात. मारुतीच्या कमरेला पाणी असताना पात्रातलं कुठलं काँक्रीट होणार?

म्हणून मार्चमधले २० दिवस आणि मे अखेरचे २० दिवस सारखे नाहीत. मार्चमध्ये काम २० दिवस लांबलं तर शेवट २० दिवस पुढे जातो. पण पात्रातला पाया मे अखेरीला अर्धवट राहिला आणि अजून २० दिवसांचं काम उरलं, तर ते जूनमध्ये होत नाही. पाणी ओसरायची वाट बघत ते ऑक्टोबरवर जातं. कालावधीतला फरक २० दिवस, पण शेवटच्या तारखेतला फरक चार-पाच महिने! ज्या वेळापत्रकात पावसाळ्याचे दिवस कॅलेंडरमध्ये 'काम बंद' म्हणून टाकलेलेच नाहीत, ते वेळापत्रक जून-जुलैतही आरामात पाया भरताना दिसतं. असं वेळापत्रक मिळालं तर बाकीची वजाबाकी करायची तसदीही घेऊ नका.

सिंहस्थ तर ऐन पावसाळ्यातच येतो. त्यामुळे पात्रातल्या कामांना हातात असतात ते फक्त कोरडे महिने.

आणि वेळेत न झालेल्या तयारीची किंमत पंचवटीने मोजलेली आहे. २७ ऑगस्ट २००३ ला शाही स्नानाच्या दिवशी रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविकांचा जीव गेला. त्याची चौकशी रमणी आयोगाने केली. २०१५ च्या सिंहस्थात नदीकाठी नवे घाट बांधून गर्दी पांगवली. एखादा घाट किंवा परतीचा रस्ता स्नानाच्या दिवशी अर्धवट असेल, तर त्याची गर्दी दुसऱ्या वाटेवर येते. तारखेतला फरक मोजायचा तो यासाठी.

सॉफ्टवेअर हे कसं दाखवतं

मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये मूळ वेळापत्रक गोठवून ठेवायची सोय आहे, तिला 'बेसलाइन' म्हणतात. मग 'ड्युरेशन व्हेरियन्स' नावाचा रकाना आणला की प्रत्येक ओळीसमोर फरक येतो. बेसलाइन ठेवलीच नसेल तर? सॉफ्टवेअर मूळ कालावधी शून्य धरतं आणि फरक म्हणून अख्खा कालावधी दाखवतं. सगळ्याच कामांचा उशीर त्यांच्या कालावधीएवढा दिसला तर समजा, बेसलाइन घ्यायची राहिली आहे.

दोन फायली वेगवेगळ्या असतील तर 'कंपेअर प्रोजेक्ट्स' नावाचं बटण आहे. ते दोन्ही फायली वाचून ओळीओळीचा फरक काढतं. मात्र ते कामाच्या नावावरून नाही, आतल्या क्रमांकावरून जोड्या लावतं. एखादं काम पुसून त्याच नावाने पुन्हा टाकलं असेल, तर जुनं 'काढलं' आणि नवं 'वाढलं' असं दिसतं, फरक दिसतच नाही.

प्रायमाव्हेरात चिन्ह उलटं असतं. तिथे मूळ कालावधीतून आताचा कालावधी वजा करतात, म्हणून काम लांबलं की आकडा उणे येतो. एका सॉफ्टवेअरमध्ये अधिक ६ म्हणजे उशीर, दुसऱ्यात उणे ६ म्हणजे उशीर. छापील अहवाल हातात आला की आधी एखादी माहीत असलेली ओळ तपासून चिन्हाचा अर्थ लावून घ्या, नाहीतर शाबासकी द्यायच्या ठिकाणी मोर्चा निघायचा.

मोबाइलवर करायचं असेल तर गुगल शीट्स पुरेसं आहे, फुकट आहे. एका रकान्यात सुरुवात, दुसऱ्यात शेवट. शेवटातून सुरुवात वजा करा आणि १ मिळवा. तो १ विसरू नका, कारण पहिला दिवसही कामाचाच असतो. २ ते २१ फेब्रुवारी म्हणजे १९ नाही, २० दिवस. हे झाले कॅलेंडरचे दिवस. कामाचे दिवस हवे असतील तर 'नेटवर्कडेज इंटल' नावाचं सूत्र शोधा. त्यात सुरुवात, शेवट आणि तिसऱ्या जागी ११ हा आकडा टाकला की फक्त रविवार वगळला जातो. चौथ्या जागी सणांच्या सुट्ट्यांची यादी देता येते, गुढीपाडवा, रामनवमी वगैरे.

सगळे फरक बेरीज करून 'एकूण उशीर' काढायचा मोह होतो. आपल्या उदाहरणात बेरीज जुळली कारण कामं एकामागून एक होती. पण घाटावर पायऱ्या चालू असतानाच वर रस्त्याची गटार चालू असेल, तर गटार १५ दिवस लांबली तरी घाटाची तारीख हलेलच असं नाही. लग्नात आचारी उशिरा आला तर पंगत थांबते, बँडवाला उशिरा आला तर वरात थांबते, पण फोटोवाल्याचा अल्बम महिनाभर उशिरा आला म्हणून लग्न थांबत नाही. ज्या कामांच्या साखळीने शेवटची तारीख ठरते तिला 'क्रिटिकल पाथ' म्हणतात. बहुतेक वेळापत्रकांत ती साखळी लाल रंगात छापलेली असते. आधी लाल ओळींचा फरक बघा.

वेळापत्रकात कामं असतात, परवानग्या मात्र बऱ्याचदा नसतात. साधुग्रामसाठी तपोवनातली झाडं तोडण्यावरून २०२५ च्या अखेरीस आंदोलनं झाली. पटो न पटो, हरकती ऐकायला, निर्णय द्यायला दिवस लागतात, आणि लागायलाच हवेत. ज्या वेळापत्रकात त्यांची ओळच नाही तिथे हे दिवस पुढच्या कुठल्यातरी कामाच्या नावावर खपवले जातात.

फरक शून्य दिसतोय? मग पहिलं वेळापत्रक मागा

सगळ्यात सफाईने उशीर लपतो तो असा. काम चार महिने लांबलं, मुदतवाढ मिळाली, आणि सुधारित वेळापत्रकालाच नवी बेसलाइन केलं. पुढच्या अहवालात फरक शून्य. काम 'वेळेत'! यात बेकायदा काही नाही, मुदतवाढ मंजूर झाली की नव्या तारखांवर लक्ष ठेवावंच लागतं. पण जुनी बेसलाइन पुसायची काहीच गरज नसते. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट एका फायलीत ११ बेसलाइन ठेवू शकतं. कितव्यांदा मुदत वाढली हे त्यातून स्पष्ट दिसतं.

म्हणून माहिती मागायची असेल तर नुसतं 'कामाची प्रगती कळवा' असं लिहू नका. उत्तर येईल, 'काम प्रगतीपथावर आहे.' चार गोष्टी नावानिशी मागा : कार्यारंभ आदेशाची प्रत, त्या वेळी मंजूर केलेला पहिला बार चार्ट, त्यानंतरचा प्रत्येक सुधारित बार चार्ट आणि प्रत्येक मुदतवाढीचं पत्र कारणासह. माहिती अधिकार कायदा २००५ खाली अर्जाला १० रुपये शुल्क आहे, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही नाही. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत ठेवायचा, म्हणून दोन कामं एका अर्जात कोंबू नका. ३० दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं.

कायद्याच्या कलम २ (जे) मध्ये कामाची आणि कागदपत्रांची पाहणी करण्याचा हक्क आहे, आणि माहिती कॉम्प्युटरमध्ये असेल तर ती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात घेण्याचाही. तेव्हा अर्जातच लिहा, 'वेळापत्रकाची मूळ फाइल उपलब्ध असल्यास त्या स्वरूपात द्यावी.' छापील कागदावर चाळीस ओळींचा हिशेब हाताने करावा लागतो आणि बारीक अक्षरातल्या तारखा वाचताना डोळे जातात. फाइल मिळाली तर तुमच्या गावातला कॉम्प्युटर शिकलेला पोरगा तासाभरात दोन वेळापत्रकं शेजारी लावून देईल. त्याला फक्त तीन गोष्टी सांगा : कॅलेंडर कोणतं, अधिक म्हणजे उशीर की उणे म्हणजे उशीर, आणि क्युरिंगची ओळ कुठे आहे.